परमुलखातील हत्यारे

यंत्राच्या पडद्यावर जी इंग्रजी वाक्ये उमटतात त्यांत सत्य किती आणि शिष्टाचार किती, याची रीतसर छाननी अद्याप कोणी केलेली नाही. तथापि ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, म्हणजे ‘अशी फाइल किंवा असा कप्पा अस्तित्वात नाही’, हे वाक्य त्या सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाते आणि म्हणूनच ते सर्वांत अधिक संशयास पात्र आहे, असे माझे मत डहीस वास्तव्य झाल्यापासून उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे. युनिक्स नामक प्रणालीने आपल्या दोषांना अनुक्रमांक दिलेले आहेत. त्यांत पहिला क्रमांक ‘या कृतीस परवानगी नाही’ या वाक्याचा असून दुसरा या फाइल नसल्याच्या वाक्याचा आहे; आणि ज्या इसमाने हयातीत एकदा तरी कचेरीची पायरी चढलेली आहे त्याने हीच दोन वाक्ये ह्याच क्रमाने ऐकलेली असल्यामुळे, ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आली, यावर विश्वास ठेवणे त्याला जड जाते.

डही हे गाव धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य अंगास, कुक्षीच्या पलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात वसलेले आहे. भोवताली भिल्ल-भिलाल्यांची वस्ती. होळीपूर्वी या सगळ्या टापूत भगोरियाचे हाट भरले म्हणजे ढोल-मांदळाच्या नादापुढे कोणत्याही यंत्राचा आवाज ऐकू येत नाही, आणि ते एका परीने बरेच आहे. कानी पडते ती भिलाली, निमाडी आणि हिंदी. मराठी बोलणारे घर शोधावे लागते. ज्यांच्या संबंधात हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला ते आमचे स्नेही अशाच एका घरचे. त्यांचे पूर्वज धारच्या पवारांबरोबर घाटावरून माळव्यात उतरलेले, आजोबा दरबारच्या दप्तरात मोडी खरडण्यात आयुष्य घालवलेले, आणि ते स्वतः शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. गावात लहानथोर सगळे त्यांना ‘मास्साब’ म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. निवृत्तीनंतर मास्साबांनी माळव्यातील मराठी घराण्यांची एक यादी, पुढेमागे जिचा कुलवृत्तांत होईल अशी, सिद्ध करण्याचे मनावर घेतले. आणि इंदुरास नोकरीस असलेल्या त्यांच्या भाच्याने आपला जुना संगणक त्यांना अर्पण करताना सोबत एक चिमुकली पोतडी दिली. “मामा, ह्यात ग्रेप आहे, सॉर्ट आहे, सगळं आहे. ओळ टाईप करायची, की काम झालं.”

ही हत्यारे म्हणजे मूळची युनिक्सच्या मुलखातील. त्यांना खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत, माउसशी त्यांचा परिचय नाही; एक ओळ लिहावी, एक काम घ्यावे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केल्यानंतर त्यांच्या मुक्त आवृत्त्या निघू लागल्या, आणि पुढे कोणाकोणा उत्साही गृहस्थांनी त्यांना उचलून डॉसमध्ये व विंडोजमध्ये नेऊन वसविले. वसविले खरे, परंतु हत्याराने मुलूख बदलला तरी मनातला मुलूख बदलत नाही. युनिक्समध्ये वाढलेल्या हत्याराची अशी प्रामाणिक समजूत असते की, जगात कोठेही गेले तरी ‘ईटीसी’ नावाचे एक दप्तर असावयाचेच, त्यात राहणाऱ्या इसमांची यादी असावयाचीच, ‘लिब’ नावाच्या कोठारात सामाईक साहित्य असावयाचेच, आणि ‘टीएमपी’ नावाच्या ओसरीवर घटकाभर गाठोडे टेकण्यास कोणी हरकत घ्यावयाचे नाही. विंडोजमध्ये पाऊल टाकताच त्याला ‘सी’ नामक एक भलामोठा वाडा दिसतो, ज्यात यांपैकी एकही खोली नाही.

मास्साबांनी पहिल्या रात्री ग्रेप चालवून ‘फडणीस’ शोधावयास सांगितले. ग्रेप हे पाहिजे तो शब्द असलेल्या ओळी निवडून काढणारे हत्यार. त्याच्याइतके साधे हत्यार दुसरे नाही. पडद्यावर एक चौकट आली: लिब-इंटल-३ नावाची डीएलएल (म्हणजे सामाईक साहित्याची) फाइल या संगणकावर नसल्याने कार्यक्रम सुरू होऊ शकत नाही, तरी तो पुन्हा बसवून पाहावा. मास्साबांनी भाच्याकडून ती फाइल मागविली. ती येताच ग्रेपने लिब-आयकॉन्व्ह-२ मागितली. ती पुरविली, तेव्हा पीसीआरई-३. आणि तीही दिली तेव्हा रेजेक्स-२. चारही नग एकदम मागण्याची या चौकटीची रीत नाही. जुन्या संस्थानी कचेरीत अर्जाला तिकीट लावून आणले म्हणजे मग साक्षीदाराची आठवण निघे, आणि साक्षीदार आणला म्हणजे त्याच्या ओळखीचा दाखला मागत, त्याच परंपरेचे हे काम.

या चौघांपैकी पहिल्याची हकिकत विशेष सांगण्यासारखी आहे. लिब-इंटल याचे काम एवढेच की, हत्याराला जे काही बोलावयाचे असेल ते वापरणाऱ्याच्या मातृभाषेत उतरवून द्यावे. म्हणजे तो दुभाषा. आता मास्साबांच्या पोतडीत कोणत्याही भाषेचे भाषांतर मुळात नव्हतेच. ग्रेपला बोलावयाचे होते ते इंग्रजीतच. तरीसुद्धा दुभाषा दरबारात रुजू झाल्याखेरीज हे महाशय तोंड उघडीनात, आणि तो रुजू झाल्यावर पुढे आजतागायत त्यांनी त्याला एका शब्दाचेही काम सांगितलेले नाही. इंग्रज रेसिडेंटाच्या पदरीही असे दुभाषे असत म्हणतात. त्यांचा पगार मात्र वेळेवर होई.

तक्रार नोंदविण्याच्या बाबतीतही ह्या स्थलांतरितांचे स्वभाव निरनिराळे. डीजे डेलोरी यांनी १९८९ पासून ग्नूचा कंपायलर डॉसवर आणण्याचा जो उद्योग केला, त्यातून निघालेली हत्यारे फार सभ्य: आवश्यक तो सहायक कार्यक्रम नसेल तर तो नाही असे सांगून कोणती गठडी आणून सोडावी तिचे नावसुद्धा पडद्यावर लिहून देत. असे सौजन्य पुढे कोणी दाखविले नाही. सिगविन नामक घराण्यातील हत्यारांस एखादी सामाईक फाइल सापडली नाही म्हणजे ती ‘सामाईक फाइल उघडता येत नाही’ असे गंभीरपणे सांगतात, आणि फाइलीचे नाव असावयाचे तेथे कित्येकदा नुसते प्रश्नचिन्ह छापतात. फिर्याद दाखल, आरोपीचे नाव: प्रश्नचिन्ह. आणि काही ठिकाणी तर हत्यार सुरू होते, संपते, आणि ‘ब्र’ काढीत नाही. त्याचा निर्गमनांक मुद्दाम विचारून घेतला तर एक अजस्र ऋण संख्या हाती येते, जिचा अर्थ एवढाच की डीएलएल सापडली नाही. ऋणाची भाषा मास्साबांना पतपेढीमुळे परिचयाची होती. पण इतके ऋण त्यांनीही पाहिले नव्हते.

परमुलखात नांदण्याच्या रीती दोन, हे माळव्यातील मराठी माणसास निराळे समजावून सांगण्याची जरूर नाही. सुपे-मलठणाकडून आलेल्या पवारांच्या मागोमाग जी मंडळी धार-देवासला आली, त्यांतील काहींनी वाडा बांधला तो घाटावरच्यासारखा, त्यात चौक केला, तुळशीवृंदावन केले, भाजणी दळली, गणपती बसविला, आणि बाहेर माळवी मुलूख आहे याची दखल केवळ भाजी घेताना घेतली. उलट काहींनी दोन पिढ्यांत दाल-बाफले पसंत केले आणि घरातही ‘काय करून राहिला आहेस?’ असे विचारू लागले. सिगविन हा पहिल्या पंथाचा. १९९५ साली सिग्नस या कंपनीतील स्टीव्ह चेंबरलेन यांनी त्याचा पाया घातला, आणि योजना अशी की, विंडोजच्या आतच युनिक्सचा सबंध वाडा उभारावा: ईटीसी आहे, युएसआर आहे, ओसरी आहे, आणि ह्या सगळ्या देखाव्याचा भार सिगविन-१ नामक एकाच डीएलएल फाइलीच्या खांद्यावर. ती फाइल आहे तोवर हत्याराला आपण देशोधडीस लागलो आहोत याची गंधवार्ताही नसते. ती नाहीशी झाली की वाड्याच्या भिंतीसुद्धा जागेवर राहत नाहीत. मिनजीडब्ल्यू हा दुसरा पंथ. त्याची हत्यारे विंडोजची बोली शिकून, तेथल्याच कोठारातून शिधा घेऊन राहतात; वाड्याचा आग्रह धरीत नाहीत. मात्र पाच-पन्नास ओळींचे काम झाले की मध्येच त्यांना घाटावरची आठवण येते, आणि तिरकी रेघ उजवीकडे झुकवावी की डावीकडे, या प्रश्नावर ती अडून बसतात.

आणखी एक अडचण निघते ती नावांच्या सारखेपणातून. विंडोजच्या घरात ‘फाइंड’ नावाचा एक गृहस्थ पूर्वापार नांदतो. युनिक्सकडून ‘फाइंड’ नावाचा दुसरा आला. दोघांचे काम शोधण्याचेच, परंतु एक फाइलीच्या आत शब्द शोधतो, दुसरा मुलूखभर फाइली शोधतो. हाक मारली म्हणजे वाटेवर जो आधी उभा असेल तो ‘ओ’ देतो; आणि पाथ नावाच्या यादीत बहुधा जुना रहिवासी आधी असल्यामुळे तो येतो, नव्याला उद्देशून केलेला हुकूम ऐकतो, आणि अर्जाचा नमुना बरोबर नाही असा शेरा मारून परत जातो. मास्साब नव्या फाइंडला बोल लावीत होते. तो बिचारा दाराबाहेर ताटकळत असून त्याची व दोषाची भेटदेखील झालेली नव्हती.

उरलेल्यांचे वृत्त थोडक्यात सांगतो. ‘फाइल’ नावाचे एक हत्यार आहे; कोणतीही फाइल पुढे टाकली असता ती चित्र आहे, पत्र आहे की आणखी काही, हे ते तिच्या आरंभीच्या खुणांवरून ओळखते. या खुणांची जी वही असते तिला त्यांच्या परिभाषेत ‘मॅजिक’ म्हणतात. वही सोबत आली नव्हती. तेव्हा ‘जादूच्या फाइली कोठेही सापडल्या नाहीत’ असे उद्गारचिन्हासह जाहीर करून त्याने काम थांबविले. ‘लेस’ हे पाने उलगडून दाखविणारे हत्यार. पडद्याचे गुणधर्म लिहिलेली फाइल न मिळाल्याने त्याने तुमचा पडदाच पुरता शाबूत नाही असा ठपका ठेवला, आणि मग एक कळ दाबताच त्याच पडद्यावर खुशाल पाने दाखवू लागले. कालक्षेत्रांच्या फाइली नसल्या म्हणजे ‘डेट’ काय करते, हे तर प्रत्येक भारतीयाने एकदा पाहण्यासारखे आहे. कालक्षेत्र ‘एशिया, कोलकाता’ असे कळविले असता ते त्यातील पहिला शब्द तेवढा उचलते, घड्याळ ग्रिनिचचे लावते, आणि वेळेपुढे ‘एशिया’ असे लिहून मोकळे होते. अखिल खंडाची वेळ ग्रिनिचवर नेऊन बसविण्याचे हे कार्य साम्राज्यालाही साधले नव्हते. १८८४ सालच्या परिषदेनंतरदेखील मुंबई आणि कलकत्ता आपापल्या वेळेवर वर्षानुवर्षे अडून बसल्याच होत्या. येथे ते एका फाइलीच्या गैरहजेरीत, निमिषार्धात, बिनविरोध घडते.

पुढे भाच्याने, मामांचा छळ अंशतः आपल्या पोतडीमुळे होत आहे हे जाणून, लिनक्स बसविलेला दुसरा संगणक पाठविला. आता हत्यारे आपल्या गावी आली, आता कसली फिर्याद, असे आम्हांस वाटले. मास्साबांजवळ वंशावळीचे तक्ते काढणारा एक फार जुना कार्यक्रम होता. तो त्यांनी त्यावर चढविला, त्याला चालविण्याची परवानगी दिली, नावाने हाक मारली, आणि उत्तर आले: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.’

मास्साबांनी यादी काढली. कार्यक्रम यादीत होता. पुन्हा हाक मारली. पुन्हा तो नव्हता. मग त्यांनी मला बोलावणे पाठविले, आणि मी पोचलो तेव्हा ते पडद्याकडे बोट दाखवून उभे होते. “अहो, फाइल इथे समोर दिसून राहिली आहे, तिचं वजन दाखवून राहिला आहे, तारीख दाखवून राहिला आहे, आणि हाच म्हणून राहिला आहे की फाइल नाही! आमच्या आजोबांनी दप्तरात चाळीस वर्षं काढली. कागद हरवला तर हरवला म्हणत. पण कागद हातात धरून ‘नाही’ म्हणणारा कारकून दरबारातही नव्हता.”

या वाक्याविषयीचा माझा संशय येथे फळास आला. यंत्र खोटे बोलत नव्हते. ते कर्ता गाळून बोलत होते. लिनक्समधील बहुतेक कार्यक्रमांच्या मस्तकी आणखी एका कार्यक्रमाचे नाव कोरलेले असते. तो भारवाहक आधी यावा, त्याने सामाईक साहित्याची जुळवाजुळव करावी, आणि मग मुख्य कार्यक्रम उठावा, अशी व्यवस्था आहे. मास्साबांचा कार्यक्रम ३२ बिटांच्या जमान्यातला; त्याच्या मस्तकी ‘एलडी-लिनक्स, आवृत्ती २’ या भारवाहकाचे नाव. नवा संगणक ६४ बिटांचा. त्याच्याकडचा भारवाहक निराळा, राहण्याचा पत्ताही निराळा. प्रणालीने पालखी उचलण्यास भोई शोधला, तो सापडला नाही, तेव्हा तिने क्रमांक दोनचा शेरा मारला. आणि तो शेरा वाचून दाखविणाऱ्या शेलला आतील भानगड ठाऊक नसल्याने त्याने शेऱ्यापुढे पालखीत बसलेल्याचेच नाव लावले. हा दोष लिनक्सवर असंख्यांच्या वाट्यास आला आहे, आणि प्रत्येकाने आधी फाइलीचे स्पेलिंग तपासले आहे. जुन्या भारवाहकाची व त्याच्या साहित्याची गठडी बसविताच कार्यक्रम असा काही उठला की जणू गेली वीस वर्षे तो फक्त वामकुक्षी घेत होता.

रोगनिदानाचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे हत्याराच्या मागे गुप्तहेर लावणे. लिनक्सवर स्ट्रेस, विंडोजवर प्रोसेस मॉनिटर. हत्यार कोणाकोणाचे दार ठोठावते आणि कोण काय उत्तर देतो, याचे टिपण हे हेर ओळीओळीने ठेवतात. हे टिपण पहिल्यांदा वाचणाऱ्याची छाती दडपते, कारण उत्तम प्रकृतीचे हत्यारही क्षणभरात शेकडो दारे ठोठावते आणि पुष्कळ ठिकाणाहून ‘येथे कोणी नाही’ असेच उत्तर घेऊन येते. तेच ते साहित्य ते आधी ह्या कोठारात पाहते, मग त्या, मग तिसऱ्या; मिळाले की पुढे जाते. म्हणून नकार मोजू नयेत. ज्या नकारानंतर हत्याराने पुढे एकही दार ठोठावले नाही, तो शेवटचा नकार पाहावा. मास्साबांना हे तत्काळ उमगले. उपवर मुलींच्या बापांची वहिवाट अशीच असते, असे ते म्हणाले. पण त्यांच्या स्वतःच्या कन्येचे लग्न पहिल्याच स्थळी जमलेले असल्याने त्यांची साक्ष मी ऐकीव धरतो.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. हरवलेली फाइल वाटेल त्या परक्याकडून उचलून आणू नये. असल्या फाइली फुकट वाटणारी सदावर्ते पुष्कळ आहेत, आणि तेथून आलेल्या पाहुण्याच्या पडशीत काय असेल याचा भरवसा नसतो. पाहुणा सज्जन निघाला तरी ६४ बिटांच्या घरात ३२ बिटांचा शिरला की ‘०एक्ससी०००००७बी’ असा मंत्र उमटतो, आणि आधी निदान फाइलीचे नाव कळत होते, तेही कळेनासे होते.

२०१६ पासून विंडोजने आपल्या पोटातच लिनक्सला जागा करून दिली. हा प्रयोग जगाला नवा वाटला. देवासला तो जुना. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांपासून, १७२८ पासून, त्या एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये, दोन दरबार आणि दोन कचेऱ्या १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत नांदल्या, आणि १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर यांच्यासारखा कादंबरीकार थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होऊन राहिला, तेव्हा ती व्यवस्था समजून घेताना त्यालाही थोडे सायासच पडले असावेत. मास्साबांचा विंडोजवाला संगणक बदलून नवा आला तो ह्या द्विराज्याचा. दोन्ही राज्यांत जाण्या-येण्यास मोकळीक. मात्र सीमेवर जकात अशी की, विंडोजकडे लिहिलेल्या ओळीच्या अखेरीस एक अदृश्य अक्षर अधिक असते, आणि हुकुमांच्या फाइलीच्या पहिल्या ओळीत ती चालविणाऱ्या दुभाष्याचे नाव लिहिलेले असले, तर लिनक्स प्रणाली ते अक्षर त्या नावाचाच भाग समजते. मग ती ‘बॅश’ या दुभाष्याला न शोधता ‘बॅश-अधिक-अदृश्य’ला शोधते, आणि त्या नावाचा इसम अर्थातच सापडत नाही. २०१८ पर्यंत विंडोजच्या नोटपॅडला युनिक्सची ओळ कोठे संपते हेही कळत नसे. सारा मजकूर एका लांबलचक ओळीत वाचण्याचा त्याचा परिपाठ होता.

अशा रीतीने सगळी हत्यारे ताळ्यावर आली, आणि यादी अनुक्रमाने लावण्याचा दिवस उगवला. हुकूम देताच यंत्राने बजावले की, मराठीची भाषाप्रांत-फाइल येथे नसल्यामुळे नाइलाजाने ‘सी’ नामक मूळ पद्धतीवर उतरावे लागत आहे. ‘सी’ पद्धतीस वर्णमाला ठाऊक नाही. तिला अक्षरांचे क्रमांक तेवढे ठाऊक, आणि त्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी बसविलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्याही पुढे. परिणामी यादीत काळे आधी आले आणि कावळे मागाहून. मास्साब जातीचे मास्तर. त्यांना हा क्रम सोसेना. त्यांनी भाच्याच्या सांगण्यावरून तो भाषाप्रांत घडवून घेतला, वर्णक्रमाचा तक्ता मुळाक्षरांबरहुकूम आहे अशी खातरजमा केली, आणि पुन्हा हुकूम सोडला. कावळे वर आले, काशीकर-कासारांची पंगत उठली, आणि काळे पार तळाला गेले. यादीची एक प्रत त्यांनी अभिमानाने धारला पाठविली.

कुलवृत्तांताच्या छपाईचा अर्धा खर्च ज्यांनी पत्करला होता ते गृहस्थ काळे निघाले. त्यांचे पत्र आले; भाषा आदबशीर, आशय स्पष्ट. आपले घराणे माळव्यात कोण्या सालापासून आहे, ते त्यांनी सनदेच्या दाखल्यानिशी लिहिले होते, आणि कावळ्यांचे कोण्या सालापासून, तेही. मास्साबांनी ते पत्र मला वाचून दाखविले, घडी घालून खिशात ठेवले, आणि कळफलकासमोर बसून एवढ्या खटपटीने आणलेला भाषाप्रांत एका ओळीच्या हुकुमाने बाजूस सारून यंत्राला पुन्हा ‘सी’ पद्धतीवर नेले. या वेळी यंत्राने कसलीही तक्रार केली नाही.